नाशिकच्या छोट्या कॉकटेल बारमध्ये: आधी काय मागवावं, नंतर काय

पंचवीस-तीस खुर्च्या, एक काउंटर, मागे दोन माणसं जेमतेम वळू शकतील एवढं स्वयंपाकघर, कार्डावर दहा-बारा कॉकटेल आणि तेवढ्याच छोट्या प्लेट. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला आता अशा जागा सापडतात. तिथं बसायची रीत परमिट रूमपेक्षा वेगळी आहे. परमिट रूममध्ये क्वार्टर, सोडा, बर्फाची बादली, मसाला पापड आणि चिकन चिली एकदम टेबलावर आलं तरी काही बिघडत नाही, कारण मिसळायचं काम गिऱ्हाईक स्वतःच्या हिशेबानं करतं. इथं ग्लास तयार होऊन येतो आणि आल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत त्याची चव उतरणीला लागते. प्लेटचंही तेच. म्हणून इथली संध्याकाळ जमते किंवा फसते ती कार्डावरच्या नावांवर नाही, मागवण्याच्या क्रमावर.

पहिला मुद्दा वार आणि वेळ. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसातच्या आत पोहोचावं. शनिवार-रविवारी वायनरी बघायला आलेली मुंबई-पुण्याची मंडळी रात्री शहरातच जेवतात, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईहून येणं आणखी सोपं झालंय. गर्दीला माझी हरकत नाही, पण छोट्या बारमध्ये बारटेंडर एक, फार तर दोन. एक शेक केलेलं कॉकटेल मोजून, हलवून, गाळून, सजवून द्यायला तीन-चार मिनिटं लागतात. पुढे बारा चिठ्ठ्या लटकल्या की तो शेक अर्ध्यावर थांबवतो, जिगर (दारू मोजायचं छोटं माप) बाजूला ठेवून हातानं ओततो, लिंबाचा रस अंदाजे टाकतो. हात तोच, कार्ड तेच, पण साडेसातचा ग्लास आणि साडेनऊचा ग्लास वेगळे लागतात. पहिल्या तासात जे मिळतं ते त्या बारचं खरं काम.

शक्य असेल तर काउंटरवर बसा. टेबलावरून ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या तिथून दिसतात, आणि त्यात पहिली गोष्ट बर्फ.

कॉकटेलमध्ये बर्फ हा घटक असतो, थंड करायचं साधन फक्त नाही. साधा हिशेब मांडतो. ६० मिली रम, २२ मिली लिंबाचा रस, २२ मिली साखरेचा पाक असं मिळून साधारण १०५ मिली होतं. आपल्याकडच्या बहुतेक रम-व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, म्हणजे ६० मिलीमध्ये शुद्ध अल्कोहोल जवळजवळ २६ मिली. घट्ट, पाणी न सुटलेला कोरडा बर्फ घेऊन दहा-बारा सेकंद नीट शेक केलं तर साधारण ५० मिली पाणी त्यात उतरतं आणि ग्लास १५५ मिलीच्या आसपास, १६-१७ टक्क्यांचा होतो. हे पाणी हवंच असतं, त्याशिवाय लिंबू टोचतं आणि दारू जळते. पण बर्फ मधे पोकळ असेल, किंवा उघड्या बादलीत अर्धा तास पडून ओला झाला असेल, तर तेवढ्याच वेळात ७०-७५ मिली पाणी जातं आणि चव फिकी पडते. गिऱ्हाईक म्हणतं दारू कमी घातली. बऱ्याचदा दारू बरोबर असते, बर्फ ओला असतो. ओला बर्फ ओळखणं सोपं आहे: चमच्यानं उचलला की त्याच्यातून पाणी गळतं आणि शेकरमध्ये तो खुळखुळण्याऐवजी भदभदतो. कोरड्या बर्फावर बारीक धूसर थर असतो आणि आवाज टणक येतो. चांगला बारटेंडर शेक करण्याआधी बर्फातलं साचलेलं पाणी गाळून टाकतो. ही एक कृती दिसली की निर्धास्त व्हावं.

दुसरी गोष्ट लिंबू. आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं आणि विलक्षण आंबट असतं. परदेशी कृतींमध्ये मोठ्या हिरव्या लिंबाचा ३० मिली रस लिहिलेला असतो. कागदी लिंबाचा २० ते २२ मिली पुरतो. कृती तशीच्या तशी उतरवली की ग्लास आंबटढोण होतो, मग तो दुरुस्त करायला पाक वाढवतात आणि शेवटी सरबत हातात येतं. रस कधी काढला यालाही महत्त्व आहे. दुपारी काढून फ्रिजमध्ये झाकून ठेवलेला रस संध्याकाळी चालतो; आदल्या दिवशीचा रस कडवट आणि बोथट लागतो, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागलं की काही ठिकाणी बाटलीतला रस वापरतात. "भाऊ, लिंबू आजचं आहे ना?" एवढं सरळ विचारावं. यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही, उलट काउंटरमागच्या माणसाला कळतं की समोरचा चव घेऊन पिणारा आहे.

तिसरी गोष्ट वर्माउथची बाटली कुठं आहे. वर्माउथ म्हणजे वाइनच, मसाले आणि थोडं अल्कोहोल घालून टिकाऊ केलेली, पण फार टिकाऊ नाही. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवली तर महिना-दीड महिना बरी राहते. मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या नाशकात ती दिव्याखाली फळीवर उभी असेल तर काही दिवसांत आंबूस, शिळ्या मनुकांसारखी होते. अशा ठिकाणी निग्रोनी, मॅनहॅटन, मार्टिनी ही वर्माउथ लागणारी कॉकटेल मागवू नका. बाकीचं कार्ड उत्तम असू शकतं.

आता पहिला ग्लास. नाशकात बसून सुरुवात वाइननं करू नये याला मला एकही कारण दिसत नाही. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी सुला सुरू केली, २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि त्यानंतर गंगापूर धरण, दिंडोरी, इगतपुरी या पट्ट्यात वायनऱ्या वाढत गेल्या. इथली पांढरी वाइन, म्हणजे चेनिन ब्लां आणि सोव्हिन्यां ब्लां, हलकी, आंबटसर आणि ताजी असते. जेवणाआधी भूक उघडायला याहून चांगलं काही नाही. मात्र ताजेपणा हीच तिची सगळी जमेची बाजू आहे, म्हणून बाटलीवरचं वर्ष बघा. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, त्यामुळे त्याच वर्षाची पांढरी वाइन त्याच वर्षी दुकानात येते. चालू किंवा गेल्या वर्षाची घ्यावी. चार वर्षं जुनी साधी चेनिन कुणी "जुनी म्हणून भारी" सांगून दिली तर नको म्हणा. ती पिवळी पडलेली आणि सपाट असते.

ग्लासवर वाइन घेताना आणखी एक प्रश्न विचारायचा: बाटली कधी उघडली? ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. ज्या बारमध्ये दिवसाला दोनच ग्लास जातात तिथं बाटली तीन दिवस पुरते. फ्रिजमध्ये झाकण लावून पांढरी वाइन तीन दिवस चालते, फेसाळ वाइन दुसऱ्या दिवशीच बसते. चौघं असाल तर सरळ बाटली मागवा, उघडायच्या वादातच पडायला नको. तापमान ८ ते १० अंश हवं. फ्रिजमधून थेट काढलेली वाइन याहून थंड असते आणि तिला वासच येत नाही. पाच-दहा मिनिटं टेबलावर राहू द्या. रेड वाइनचं उलटं होतं. "रूम टेम्परेचर" हा शब्द थंड देशांतल्या खोल्यांवरून आलाय, नाशिकच्या एप्रिलमधल्या खोलीवरून नाही. शिराजसारखी रेड वाइन ३० अंशांवर आली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. बर्फाच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला सांगा, १६-१८ अंशांवर आणा, मग बघा.

उन्हाळ्यात याहून हलकं हवं असेल तर १२० मिली थंड चेनिन, ६० मिली सोडा, मोठ्या बर्फावर, वर चार-पाच गोठवलेली द्राक्षं. कार्डावर नसलं तरी कुणीही करून देतं. सोडा शेवटी आणि कडेनं ओतायचा. आधी सोडा मग वाइन केलं की फेस निघून जातो.

या पहिल्या ग्लासबरोबर प्लेट कोणती? थंड किंवा कोरडी. तळण नंतर. इथं स्वयंपाकघराची बाजू समजून घ्यायला हवी, कारण छोट्या बारमध्ये जेवणाची निम्मी निराशा तिथं ठरते. अशा किचनमध्ये तळणीची कढई किंवा फ्रायर एकच असतो, एक शेगडी आणि एक तवा किंवा ग्रिल. तळण १७५ ते १८० अंशांवर व्हायला हवं. तुम्ही बसल्या बसल्या कांदा भजी, चीज बॉल, बोंबील फ्राय आणि पोटॅटो वेजेस अशा चार तळलेल्या प्लेट सांगितल्या, तर त्या एकापाठोपाठ तेलात पडतात, तेल दीडशे अंशांच्या खाली जातं, आवरण कडक व्हायच्या आत तेल पितं आणि चारही प्लेट तेलकट, मऊ येतात. वर त्या एकदम येतात, म्हणजे चौथी खाईपर्यंत थंड. दोष स्वयंपाक्याचा नसतो, चिठ्ठीचा असतो. एका वेळी दोन प्लेट सांगा आणि त्या दोन वेगवेगळ्या जागी बनणाऱ्या असू द्या: एक थंड, एक तव्यावरची, मग एक तळलेली, एक भाजलेली. चार जणांना पाच-सहा छोट्या प्लेट पुरतात. वेटरला सुरुवातीलाच सांगून ठेवावं, "दोन-दोन आणा, आम्ही सांगू तेव्हा पुढचं." हे एक वाक्य संध्याकाळ वाचवतं.

मसाला पापडाबद्दल एक आग्रह आहे. कांदा-टोमॅटो वाटीत वेगळं मागवा. टोमॅटोचं पाणी लागल्यापासून दोन मिनिटांत पापड मऊ पडतो. किचनमधून टेबलापर्यंत येण्यातच त्यातला एक मिनिट जातो.

दुसऱ्या ग्लासला सावर घ्यायचं, म्हणजे दारू, लिंबू आणि साखर यांचा तोल. भूक जागी असते, जीभ ताजी असते, तळलेलं येणार असतं. आंबटपणाचा खरा उपयोग इथंच. आणि नाशकात यातलं सगळ्यात शोभणारं कॉकटेल म्हणजे वर रेड वाइनचा थर दिलेलं व्हिस्की सावर, ज्याला न्यूयॉर्क सावर म्हणतात. इथल्या शिराजला काळी मिरी आणि जांभळाकडे झुकणारी चव असते, ती व्हिस्की आणि लिंबाच्या मधे नेमकी बसते. कार्डावर नसेल तरी ज्या बारमध्ये व्हिस्की सावर होतं आणि शिराजची उघडी बाटली आहे तिथं हे होतंच.

माप असं: ६० मिली व्हिस्की, २० मिली कागदी लिंबाचा रस, २२ मिली पाक, वर १५ मिली शिराज. पाक म्हणजे साखर आणि पाणी वजनानं समान, उकळी न आणता विरघळवलेला. बर्फ घालून दहा-बारा सेकंद शेक, एका मोठ्या खड्यावर किंवा दोन-तीन घट्ट तुकड्यांवर गाळायचं. मग चमचा पालथा धरून, त्याचं टोक ग्लासच्या कडेला आणि पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, त्याच्या पाठीवरून वाइन हळू सोडायची. वाइन वर तरंगते कारण खालच्या मिश्रणात साखर असते आणि ते जड असतं. वाइनमध्ये साखर जवळजवळ नाही, अल्कोहोल आहे, म्हणून ती हलकी. फसण्याची कारणंही यातच आहेत. "साखर कमी" सांगून पाक १० मिलीवर आणला की खालचं मिश्रण हलकं होतं आणि वाइन मिसळून सगळं मळकट गुलाबी दिसतं. ओल्या बर्फानं जास्त पाणी गेलं तरी तेच. वाइन उंचावरून ओतली तरी तेच. ज्यांना गोड नको त्यांनी पाक कमी करण्यापेक्षा दुसरं कॉकटेल घ्यावं. प्यायचं मात्र ढवळून नाही, स्ट्रॉनं तर अजिबात नाही. कडेनं ओठ लावून, दोन्ही थर एकत्र तोंडात येतील असं.

व्हिस्की कोणती हा प्रश्न हमखास निघतो. अम्रुत किंवा पॉल जॉनसारखी सिंगल माल्ट यात घालणं मला उधळपट्टी वाटते, कारण लिंबू तिचं बारीक काम झाकून टाकतं. पण अगदी तळाची व्हिस्की घेतली तर लिंबामागे काहीच उरत नाही. मधल्या दर्जाची, थोडी माल्टची चव असलेली पुरे.

सावरवर जाड पांढरा फेस असेल तर त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, १५ ते २० मिली. शाकाहारी माणसानं आधी विचारायलाच हवं, कारण कार्डावर बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलं नसतं. त्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी २५ मिली घालतात. फेस तितकाच येतो, फक्त शेक आधी बर्फाशिवाय दहा-पंधरा सेकंद आणि मग बर्फ घालून करावा लागतो. बर्फाशिवायचा हा पहिला शेक टाळला की फेस पातळ येतो आणि मिनिटात विरतो.

जानेवारी ते एप्रिल हा आपला द्राक्षांचा हंगाम. त्या दिवसांत ताजी द्राक्षं चेचून केलेलं कॉकटेल मागवावं, एरवी नाही. एरवी तो बाटलीतला सिरप असतो. आठ-दहा थॉमसन किंवा काळी शरद सीडलेस शेकरच्या तळाशी चेचायची, त्यात ६० मिली जिन किंवा व्हाइट रम, २२ मिली लिंबू, आणि पाक फक्त १० मिली. चूक नेमकी पाकात होते. पिकलेल्या थॉमसनमध्ये साखर भरपूर आणि आंबटपणा नावापुरता. नेहमीच्या सावरइतका पाक घातला की घशाशी येतं. दोन गाळण्यांतून गाळायचं, नाहीतर साली दातात येतात. कच्च्या द्राक्षाचा आंबट रस लिंबाऐवजी वापरायची पद्धत युरोपात जुनी आहे आणि इथल्या बारना ती सहज जमेल. पण एक सावधगिरी हवी: खायच्या द्राक्षांच्या बागेत विरळणीच्या वेळी काढलेले मणी यासाठी घेऊ नयेत. त्या काळात फवारण्या चालू असतात. वाइनच्या बागेतले, रंग फिरायच्या सुमारास काढलेले आणि फवारणीनंतरचा काळ पाळलेले मणीच घ्यावेत. कुणी "आमच्याकडे कच्च्या द्राक्षाचा रस आहे" म्हणालं तर कुठल्या बागेचा हे विचारायला संकोचू नये.

सध्या प्रत्येक कार्डावर असलेलं पिकांते: टकीला, लिंबू, अगावे सिरप (टकीला ज्या झाडापासून होते त्याचाच गोड पाक), कोथिंबीर, हिरवी मिरची. छान जमतं, पण आपली लवंगी मिरची चेचली की प्रकरण हाताबाहेर जातं. मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलमध्ये चांगला उतरतो, म्हणून मिरचीची चकती ग्लासात तशीच राहिली तर शेवटचा घोट पहिल्यापेक्षा तिखट असतो. एकच चकती, बिया काढून, आणि गाळून द्यायला सांगा. याच्यासोबत ठेचा पनीर किंवा तिखट चिकन सुकं घेऊ नका. तिखटावर अल्कोहोल आणखी जळतं आणि मग दोन्हीची चव कळत नाही.

तिखट प्लेटला थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची सोबत लागते. ठेचा पनीर, लसणाची चटणी लावलेली कोळंबी, मिरची-लसूण मशरूम यांच्याबरोबर किंचित गोड चेनिन किंवा ती वाइन-सोडा. शिराज इथं नको, तिच्यातला तुरटपणा तिखटाला टोक आणतो. शिराजचा थर दिलेलं सावर भाजलेल्या गोष्टींबरोबर घ्यावं: सीख कबाब, भाजलेला मटार-पनीर, तव्यावर करपवलेला कांदा. अळूवडीबरोबर कोकमचं काहीही जुळतं, कारण दोन्हीकडे तोच आंबट-गोड धागा आहे. अळूवडी घशाला खवखवली तर चिंच कमी पडली किंवा वाफ कमी मिळाली असं समजावं. वीस-पंचवीस मिनिटं वाफवून, थंड करून, मग कापून तळलेली वडी खवखवत नाही. घाईत गरम वडी कापली की ती सुटते आणि तेलात बेसन पसरतं.

छोट्या वाटीतली मिसळ हा प्रकार हल्ली कार्डावर असतो. नाशिककर म्हणून ती बघून बरं वाटतं, पण कॉकटेलला ती सोबत नाही. तर्रीचं तेल जिभेवर बसतं आणि पुढच्या दोन ग्लासांची चव जाते. घ्यायचीच तर शेवटी, पावाबरोबर, जेवण म्हणून.

माशांबाबत महिना बघावा. नाशिक समुद्रापासून दूर, मासळी मुंबईच्या बाजूनं घाट चढून येते. बोंबील सगळ्यात नाजूक: त्यात पाणी खूप, तळण्याआधी तो दाबून पाणी काढावं लागतं, नाहीतर रवा सुटतो आणि आत चिकट राहतं. जून-जुलैमध्ये किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. त्या काळात कार्डावर बोंबील किंवा पापलेट असेल तर ते बर्फातलं, साठवणीचं आहे असं धरून चालावं. तेव्हा चिकन, अंडी, भाज्या घ्या. पावसाळ्यात कणसाच्या प्लेट ताज्या आणि चांगल्या असतात.

जिन-टॉनिकला फार शब्द नकोत. ६० मिली जिनला १५० मिली टॉनिक, आणि टॉनिकची बाटली वेगळी टेबलावर मागवा. स्ट्रेंजर अँड सन्स, ग्रेटर दॅन, हापुसा या भारतीय जिन आता बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि काम चोख करतात.

तिसरा ग्लास, घ्यायचाच असेल तर, ढवळलेला आणि संथ: निग्रोनी, किंवा जुनी रम, गूळपाक आणि बिटर्स (थेंबानं घालायचा कडू अर्क). सोबत खारं आणि कोरडं, म्हणजे मसाला शेंगदाणे, चीजचे तुकडे, ऑलिव्ह. गुळाचा पाक करताना गूळ विरघळवून गाळला नाही तर तळाशी कचकच येते; सेंद्रिय गुळात ती जास्त. निग्रोनीला लोक "कडक" म्हणून घाबरतात, पण हिशेब बघा. ३० मिली जिनमध्ये जवळजवळ १३ मिली अल्कोहोल, ३० मिली कॅम्पारीत (लाल, कडवट मद्य) साडेसात, ३० मिली वर्माउथमध्ये पाच. एकूण पंचवीस-सव्वीस, म्हणजे गोड लागणाऱ्या सावरइतकंच. उलट लाँग आयलंड आइस्ड टी, जो कोलामुळे सौम्य वाटतो, त्यात १५ मिलीच्या पाच दारू मिळून ३२ मिलीच्या आसपास अल्कोहोल जातं. एका ग्लास वाइनमध्ये १९ मिली. जिभेवरून जोर ओळखता येत नाही, मापावरून येतो.

शरीर ताशी साधारण १२-१३ मिली अल्कोहोल निपटतं. म्हणजे एका सावरला दोन तास. वाइनचा ग्लास, सावर आणि निग्रोनी असं तीन तासांत घेतलं तर उठताना जवळजवळ निम्मं अंगात शिल्लक असतं. मधे प्रत्येक ग्लासमागे एक ग्लास साधं पाणी, आणि दोन ग्लासांत किमान पाऊण तास. गाडी घरी ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती पहिल्याच कॉकटेलनं ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

न पिणाऱ्यांसाठी टेबलावर काय? श्रावणात तर निम्मं टेबल न पिणारं असतं. नेहमीच्या कॉकटेलमधून दारू काढून उरलेलं द्या म्हटलं की फक्त लिंबू-साखर उरते, म्हणून बहुतेक मॉकटेल गोडमिट्ट लागतात. दारूची जागा कडवटपणानं किंवा तुरटपणानं भरावी लागते. ६० मिली थंड कडक कोरा चहा, ३० मिली कोकमचा आगळ पाण्यात निम्मा केलेला, १५ मिली पाक, चिमूटभर काळं मीठ, वर सोडा. आगळ आधीच खारट असतो, तेव्हा मीठ चाखून घाला. टॉनिक, लिंबू आणि दोन थेंब आल्याचा रस हेही चांगलं.

बिलाकडे येऊ. "एकावर एक" असलेल्या वेळेत दोन्ही ग्लास एकदम घेऊ नका. पहिला संपेपर्यंत दुसरा पाणी झालेला असतो. दुसरा नंतर द्या म्हणून आधीच सांगितलं की सहसा ऐकतात. कार्डावरचा पेग ३० मिलीचा की ६० चा हे विचारून घ्या, कारण ४५ मिलीची कॉकटेलंही असतात आणि किमतीवरून ते कळत नाही. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी लागतो. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, म्हणून दोन वेगळी बिलं येतात. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, नको असेल तर काढायला सांगता येतो. टीप मात्र काउंटरमागच्या माणसापर्यंत पोहोचेल अशी, हातात द्या.

राज्यात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५ लागतं, आणि पिण्याचा परवाना कायद्यानं अजूनही हवा: एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आयुष्यभराचा १०००. आयुष्यभराचा एकदा काढून ठेवणं सगळ्यात सोयीचं. निघायच्या आधी ड्राय डे तपासा. २ ऑक्टोबर लक्षात राहतो, मतदान आणि मतमोजणीचे दिवस राहत नाहीत. आणि रात्री गंगापूर रोडच्या पुढच्या टोकाकडून परतायचं असेल तर शेवटची प्लेट सांगतानाच गाडी बोलवा; बिल, टीप आणि पान होईपर्यंत ती दारात येते.